विश्वाचं प्रसरण स्वतः तपासायचं कसं? मराठवाड्यातल्या विद्यार्थ्यांसाठी पायरी-पायरीने

‘विश्व प्रसरण पावत आहे’ हे वाक्य बी.एस्सी.चा कुठलाही विद्यार्थी म्हणून दाखवतो. त्याला पुढचा प्रश्न विचारा: हे खोटं असतं, तर आकाशात काय वेगळं दिसलं असतं? इथे वर्ग शांत होतो. हा लेख त्या दुसऱ्या प्रश्नासाठी आहे. लातूर, नांदेड, परभणी, हिंगोली, बीड, जालना, धाराशिव, छत्रपती संभाजीनगर, कुठल्याही कॉलेजातली चार-पाच मुलं एकत्र आली, हाताशी एक कॉम्प्युटर आणि बरं इंटरनेट असलं, तर यातलं बहुतेक सगळं करता येतं. डेटा जगभरातल्या वेधशाळांनी खुला ठेवलेला आहे. वीज रात्री जात असेल तर फाइल आधी उतरवून घ्या, बाकी गणित मोबाइलवरच्या गूगल शीटमध्येही होतं.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करू. कसोटी म्हणजे असं भाकीत, जे चुकण्याची खरी शक्यता होती. जवळच्या दीर्घिकांचं (गॅलेक्सींचं) अंतर आणि वेग यांचा आलेख सरळ रेषेत येतो, हे १९२९ मध्ये एडविन हबलने दाखवलं. त्याआधी १९२७ मध्ये जॉर्ज लमेत्रने सापेक्षतावादातून तेच नातं काढलं होतं. पण ही सरळ रेषा जवळपास सगळीच मॉडेल देतात, प्रसरण न मानणारी मॉडेलसुद्धा. म्हणून नुसती हबलची रेषा काढून ‘विश्वाचं प्रसरण सिद्ध झालं’ असं प्रोजेक्टमध्ये लिहू नका. मॉडेल एकमेकांपासून कुठे फाटतात ते आधी शोधायचं, आणि नेमकं तिथेच मोजायचं.

पायरी १: डेटा उघडण्याआधी भाकितं लिहून ठेवा

हा क्रम उलटा करू नका. डेटा आधी पाहिला की डोळा त्याच्याशी जुळणारं मॉडेल निवडतो.

ताम्रसृती, म्हणजे रेडशिफ्ट: प्रकाशाची तरंगलांबी जितकी वाढली ती भागिले मूळ तरंगलांबी. हिला आपण झेड म्हणू. हबल स्थिरांक म्हणजे अंतराबरोबर दूर जाण्याचा वेग किती वाढतो ते सांगणारा आकडा; मेगापार्सेक म्हणजे सुमारे ३३ लाख प्रकाशवर्षं. प्रकाशाचा वेग भागिले हबल स्थिरांक हे झालं ‘हबल अंतर’. हबल स्थिरांक ७० किमी/सेकंद/मेगापार्सेक धरला तर हे अंतर ४२८३ मेगापार्सेक येतं. आता प्रत्येक मॉडेल ठरावीक झेडला किती ‘दीप्ती-अंतर’ सांगतं ते काढायचं. दीप्ती-अंतर म्हणजे वस्तू जितकी मंद दिसते त्यावरून काढलेलं अंतर. पाच मॉडेल घ्या.

दमलेला प्रकाश: विश्व स्थिर आहे, प्रकाशाची ऊर्जा वाटेत कमी होत जाते. फ्रिट्झ झ्विकीने १९२९ मध्येच ही कल्पना मांडली होती. दीप्ती-अंतर = हबल अंतर × नैसर्गिक लॉग (१+झेड) × √(१+झेड).

आइनस्टाइन–डी सिटर: सपाट विश्व, त्यात फक्त द्रव्य, प्रसरण सतत मंदावणारं. दीप्ती-अंतर = २ × हबल अंतर × [(१+झेड) − √(१+झेड)].

रिकामं विश्व, म्हणजे मिल्नचं मॉडेल: वेग ना वाढतो ना घटतो. दीप्ती-अंतर = हबल अंतर × झेड × (१ + झेड/२).

लॅम्ब्डा-सीडीएम, म्हणजे आजचं प्रचलित मॉडेल: ३० टक्के द्रव्य, ७० टक्के कृष्ण ऊर्जा, म्हणजे प्रसरणाला वेग देणारी ऊर्जा. याला तयार सूत्र नाही, पण घाबरायचं कारण नाही. शीटच्या एका रकान्यात झेडच्या किमती ०, ०.०१, ०.०२ अशा भरा. शेजारच्या रकान्यात १ ÷ √[०.३ × (१+झेड)³ + ०.७] काढा. लागोपाठच्या दोन किमतींची सरासरी गुणिले ०.०१ अशी बेरीज करत खाली या. झेड ०.५ ला ही बेरीज ०.४४१ आली, तर तुमची शीट बरोबर आहे. तिला (१+झेड) आणि हबल अंतर यांनी गुणलं की दीप्ती-अंतर मिळतं.

स्थिर स्थिती: बाँडी, गोल्ड आणि हॉइल यांनी १९४८ मध्ये मांडलेलं. विश्व प्रसरण पावतं, पण नवं द्रव्य तयार होत राहतं आणि विश्व सदा सारखंच दिसतं. दीप्ती-अंतर = हबल अंतर × झेड × (१+झेड).

शेवटी सगळ्यांचं रूपांतर अंतर-मापांकात करा: मापांक = ५ × लॉग १० (मेगापार्सेकमधलं अंतर) + २५. तुमची उत्तरं या आकड्यांशी ताडून पाहा:

| मॉडेल | झेड ०.५ | झेड १ |
|---|---|---|
| दमलेला प्रकाश | ४१.६४ | ४३.१२ |
| आइनस्टाइन–डी सिटर | ४१.८६ | ४३.५० |
| रिकामं विश्व | ४२.१४ | ४४.०४ |
| लॅम्ब्डा-सीडीएम | ४२.२६ | ४४.१० |
| स्थिर स्थिती | ४२.५३ | ४४.६६ |

हा तक्ता नीट वाचा, कारण पुढची सगळी मेहनत कुठे करायची ते तोच सांगतो. झेड ०.०५ च्या आत पाचही मॉडेल जवळजवळ एकमेकांवर बसतात. झेड ०.५ ला दमलेला प्रकाश आणि लॅम्ब्डा-सीडीएम यांच्यात ०.६२ प्रतीचा (प्रत म्हणजे ताऱ्याचं दिसणारं तेज मोजायचं एकक, मॅग्निट्यूड) फरक पडतो. म्हणजे अतिनवतारा (सुपरनोव्हा, स्फोट झालेला तारा) एका मॉडेलपेक्षा दुसऱ्यात सुमारे पावणेदोन पट मंद दिसायला हवा. हा फरक लपणारा नाही. याउलट रिकामं विश्व आणि लॅम्ब्डा-सीडीएम यांच्यात तिथे फक्त ०.१२ चा फरक आहे आणि झेड १ ला तो ०.०६ वर येतो. लांब गेलं की फरक वाढतोच असं मानू नका.

पायरी २: ताम्रसृती स्वतः मोजा

स्लोन डिजिटल स्काय सर्व्हेच्या स्कायसर्व्हर या संकेतस्थळावर लाखो दीर्घिकांचे वर्णपट खुले आहेत. एखादी तांबूस लंबवर्तुळाकार दीर्घिका निवडा. तिथे छापलेली झेडची किंमत कागदाने झाका आणि स्वतः मोजा. कॅल्शियमच्या दोन गडद रेषा, के आणि एच, एकमेकींना खेटून उभ्या असतात. ती जोडी एकदा ओळखता आली की पुन्हा चुकत नाही. प्रयोगशाळेत त्यांची तरंगलांबी निर्वातात ३९३४.८ आणि ३९६९.६ अँगस्ट्रॉम असते. तुमच्या दीर्घिकेत त्या ४२४९.६ आणि ४२८७.२ ला दिसल्या, तर दोन्हींवरून झेड ०.०८ येतो.

दोन्ही रेषांवरून एकच झेड यावा लागतो, हीच पहिली कसोटी. वाटेतल्या धुळीने प्रकाश लाल झाला असता तर निळा भाग खाल्ला गेला असता, पण रेषा जागच्या हलल्या नसत्या. इथे रेषा सरकतात, आणि प्रत्येक रेषा आपल्या तरंगलांबीच्या त्याच प्रमाणात सरकते. तक्त्यात हायड्रोजन-बीटा ४८६२.७, दुहेरी आयनित ऑक्सिजन ५००८.२ आणि हायड्रोजन-अल्फा ६५६४.६ या रेषाही, तुमच्या दीर्घिकेत दिसत असतील तर, घ्या आणि प्रत्येक रेषेवरून वेगळा झेड काढा. सावध राहा: पाठ्यपुस्तकांत बहुतेक वेळा हवेतल्या तरंगलांब्या छापलेल्या असतात, जसं के रेषेसाठी ३९३३.७. स्लोनचे वर्णपट निर्वाताच्या मोजपट्टीवर आहेत. दोन्हींची सरमिसळ केली तर वेगात सेकंदाला सुमारे ८० किलोमीटरची खोटी भर पडते.

कुणाकडे आठ इंची दुर्बीण असेल, तर हेच मोजमाप आपल्या आकाशातही जमतं. कन्या राशीतला ३सी २७३ हा क्वेसार, म्हणजे लांबच्या दीर्घिकेचं अतितेजस्वी केंद्र, जवळपास १३व्या प्रतीचा आहे. १९६३ मध्ये मार्टेन श्मिटने याच्याच वर्णपटात ०.१५८ ची ताम्रसृती ओळखली आणि क्वेसार किती दूर आहेत हे कळलं. तो खगोलीय विषुववृत्ताजवळ असल्यामुळे मराठवाड्यातून डोक्यावर चांगला उंच येतो. मार्च-एप्रिलमध्ये मध्यरात्रीच्या सुमारास तो सर्वांत सोयीचा असतो. उन्हाळ्यात क्षितिजालगत धुरळा असतो, पण वरचं आकाश मोकळं असतं. बालाघाटच्या पठारावर, अंबाजोगाई किंवा धारूरच्या बाजूला, गावाच्या दिव्यांपासून लांब जागा शोधा. मृग लागला की मात्र दुर्बीण पेटीत ठेवायची.

कॅमेऱ्यापुढे मिलिमीटरला १०० रेषा असलेली जाळी, म्हणजे ग्रेटिंग, बसवा. आधी सिंह राशीतल्या डेनेबोलाचा, म्हणजे उत्तरा नक्षत्राच्या ताऱ्याचा, वर्णपट घ्या. त्यातल्या हायड्रोजनच्या ठळक रेषांवरून मोजपट्टी ठरवा, मग त्याच मांडणीत क्वेसार टिपा. हायड्रोजन-बीटा ४८६१ ऐवजी ५६२९ अँगस्ट्रॉमजवळ रुंद उंचवट्यासारखी दिसली पाहिजे. हायड्रोजन-अल्फावर विसंबू नका. ती सरकून ७६०० जवळ येते आणि नेमकी तिथेच आपल्या वातावरणातल्या ऑक्सिजनची गडद पट्टी आहे. शिवाय साध्या डीएसएलआर कॅमेऱ्याचा फिल्टर तो भाग कापून टाकतो. क्वेसारच्या त्या उंचवट्यातला प्रकाश सुमारे २०० कोटी वर्षांपूर्वी निघालेला आहे.

पायरी ३: जवळच्या दीर्घिका बाजूला काढा

कार्तिक-मार्गशीर्षात नुसत्या डोळ्यांनी दिसणारी देवयानी दीर्घिका आपल्याकडे येते आहे, सेकंदाला सुमारे ३०० किलोमीटर वेगाने. तिची ताम्रसृती ऋण आहे. यावरून प्रसरण खोटं ठरत नाही. पैठणहून निघालेली नाथांची पालखी पंढरपूरच्याच दिशेने सरकत असते, पण मधला एखादा वारकरी पाण्याच्या टँकरकडे मागे वळलेला असू शकतो. तशी प्रत्येक दीर्घिकेला शेजाऱ्यांच्या गुरुत्वाकर्षणामुळे स्वतःची अशी वेगळी चाल असते. ही चाल साधारण ३०० किमी/सेकंद धरली, तर झेड ०.०१ ला ती प्रसरणाच्या वेगाच्या दहा टक्के होते. म्हणून झेड ०.०२३ च्या खालचे बिंदू आलेखातून वगळायचे. हबल स्थिरांक मोजणारे गटही साधारण हीच सीमा पाळतात.

पायरी ४: अतिनवताऱ्यांची फाइल

आता मुख्य काम. पँथिऑन-प्लस या संग्रहात टाइप १-ए प्रकारच्या, म्हणजे मूळ तेज जवळपास सारखंच असलेल्या, १५५० अतिनवताऱ्यांचे १७०१ प्रकाशवक्र (दिवसागणिक तेजाचे आलेख) आहेत. झेड ०.००१ पासून २.२६ पर्यंत. २०२२ मध्ये तो प्रसिद्ध झाला आणि त्याची फाइल गिटहबवर कुणालाही उतरवता येते. शीटमध्ये घेताना रकाने मोकळ्या जागेवर तोडायला सांगा, नाहीतर सगळं एकाच रकान्यात कोंबलं जातं.

तुम्हाला चार रकाने पुरतात. झेडएचडी: आपल्या आणि दीर्घिकांच्या स्वतंत्र चालीची दुरुस्ती केलेली ताम्रसृती. एमयू-शूज: अंतर-मापांक. त्याच नावाच्या शेवटी डायग असलेला रकाना: त्यातली अनिश्चितता. आणि इज-कॅलिब्रेटर: ज्या ओळीत इथे १ आहे ती वगळा, त्या दीर्घिकांची अंतरं सेफिड ताऱ्यांवरून, म्हणजे ठरावीक काळाने तेज कमी-जास्त होणाऱ्या ताऱ्यांवरून, ठरवलेली आहेत.

इथे एक सापळा आहे, आणि तो समजून घेणं या सगळ्या प्रकल्पातलं सर्वांत मोलाचं शिक्षण आहे असं मला वाटतं. या फाइलमधला मापांक आधीच एका विशिष्ट गटाच्या सेफिड मोजणीवर बसवलेला आहे. त्यावर रेषा बसवली की हबल स्थिरांक ७३ च्या आसपास येणारच. ते तुमचं मोजमाप नाही, फाइलमध्ये घातलेलंच परत बाहेर आलं. अतिनवताऱ्याची मूळ तेजस्विता आणि हबल स्थिरांक या दोन गोष्टी या डेटात एकमेकींत मिसळलेल्या आहेत. एक वाढवली आणि दुसरी त्या हिशेबाने बदलली, तर आलेख फक्त वर-खाली होतो, त्याचा आकार बदलत नाही. मॉडेलची कसोटी आकारावर घ्यायची, उंचीवर नाही.

म्हणून असं करा. प्रत्येक अतिनवताऱ्यासाठी ‘मोजलेला मापांक वजा मॉडेलचा मापांक’ काढा. झेड ०.०२३ ते ०.१ मधल्या ताऱ्यांसाठी या फरकाची भारित सरासरी घ्या. भार म्हणजे १ भागिले अनिश्चिततेचा वर्ग. ही सरासरी सगळ्या फरकांमधून वजा करा. आता पाचही मॉडेल जवळच्या टोकाला शून्यावर बांधली गेली. मग झेडच्या पट्ट्या पाडा, ०.१ ते ०.२, ०.२ ते ०.३ अशा, आणि प्रत्येक पट्टीतल्या फरकांची सरासरी आलेखावर मांडा.

काय दिसतं? दमलेल्या प्रकाशाच्या मॉडेलमध्ये बिंदू झपाट्याने वर चढत जातात. तारे त्या मॉडेलच्या अपेक्षेपेक्षा फार मंद आहेत. आइनस्टाइन–डी सिटरमध्येही चढ आहे, जरा कमी. स्थिर स्थितीत उलटा उतार, तारे अपेक्षेपेक्षा तेजस्वी. खरी गंमत रिकाम्या विश्वाच्या आलेखात आहे. बिंदू झेड ०.५ च्या आसपास थोडे वर उचलले जातात आणि पुढे पुन्हा खाली येतात. लॅम्ब्डा-सीडीएमच्या गणिताने ही दोन मॉडेल झेड १.२५ जवळ पुन्हा भेटतात. या छोट्या उंचवट्याचा अर्थ: अलीकडच्या काळात प्रसरण वेग घेतंय, त्याआधी ते मंदावत होतं. १९९८ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी हाच उंचवटा मोजला आणि २०११ चं नोबेल सॉल पर्लमटर, ब्रायन श्मिट आणि अ‍ॅडम रीस यांना मिळालं. पलीकडच्या टोकाला बिंदू विरळ असतात, तिथे पट्ट्या रुंद ठेवा.

आकड्यात सांगायचं तर काय-वर्ग काढा: प्रत्येक फरक भागिले त्याची अनिश्चितता, त्याचा वर्ग, सगळ्यांची बेरीज. इथे आलेखाची उंची सगळ्या ताऱ्यांच्या भारित सरासरीने ठरवा. लॅम्ब्डा-सीडीएममधलं द्रव्याचं प्रमाण ०.१ पासून ०.६ पर्यंत थोडं थोडं बदलत सर्वांत लहान बेरीज कुठे येते ते पाहा. ती साधारण एक तृतीयांशाजवळ यायला हवी. संग्रह प्रसिद्ध करणाऱ्या गटाचं स्वतःचं उत्तर ०.३३४ ± ०.०१८ आहे. मात्र डायग रकान्यातली अनिश्चितता फक्त ओळख करून घेण्यासाठी आहे. अतिनवताऱ्यांच्या चुका एकमेकांशी जोडलेल्या असतात, आणि मॉडेलचे आकडे काढायला हा रकाना वापरू नका असं फाइल देणाऱ्यांनीच बजावलं आहे. आइनस्टाइन–डी सिटर बाद करायला तो पुरतो. त्यापुढचा दावा करायचा असेल तर सोबतची कोव्हेरियन्स फाइल घ्या आणि पायथनमध्ये, गूगल कोलॅबवर, पूर्ण मॅट्रिक्स वापरून गणित करा.

पायरी ५: काळ ताणला जातो का?

दमलेल्या प्रकाशाचा पाठीराखा अजून हरलेला नाही. तो म्हणेल, वाटेत थोडी करडी धूळ आहे, म्हणून तारे जास्त मंद दिसतात. त्याच्या मॉडेलमध्ये एक आकडा वाढवला की आलेख जुळेल. म्हणून धुळीला हात लावता येणार नाही अशी कसोटी हवी.

ती आहे घड्याळाची. टाइप १-ए अतिनवतारा निळ्या प्रकाशात शिखरानंतर १५ दिवसांत साधारण १.१ प्रत उतरतो. विश्व खरंच प्रसरण पावत असेल, तर झेड ०.५ च्या अतिनवताऱ्याला तेवढंच उतरायला साडेबावीस दिवस लागले पाहिजेत. दमलेल्या प्रकाशाच्या विश्वात १५च लागतील. धूळ प्रकाश कमी करू शकते, दिवस वाढवू शकत नाही.

हे स्वतः पाहायचं असेल तर एक जवळचा आणि एक लांबचा प्रकाशवक्र घ्या, पण फिल्टर विचार करून निवडा. जवळच्या ताऱ्याचा वक्र ४४०० अँगस्ट्रॉमच्या निळ्या फिल्टरमधला असेल, तर झेड ०.५ च्या ताऱ्याचा ६६०० जवळचा लाल फिल्टर हवा, म्हणजे दोघांचा मूळचा एकच रंग तुलनेला येतो. हे विसरलं तर तुलना फसते, कारण हे तारे वेगवेगळ्या रंगांत वेगवेगळ्या गतीने मावळतात. लांबच्या वक्राचे दिवस (१+झेड) ने भागा आणि दोन्ही वक्र एकमेकांवर ठेवा.

डार्क एनर्जी सर्व्हेने २०२४ मध्ये १५०४ अतिनवतारे घेऊन हीच गोष्ट केली. काळाचा ताण (१+झेड) च्या कितव्या घाताने वाढतो हे त्यांनी मोजलं. प्रसरणाचं भाकीत १, दमलेल्या प्रकाशाचं ०. मोजमाप आलं १.००३, त्यात सांख्यिकी अनिश्चितता ०.००५ आणि पद्धतीतली ०.०१०. माझ्या मते स्थिर विश्वाविरुद्ध याच्याइतका स्वच्छ पुरावा दुसरा नाही. प्रोजेक्टमध्ये एकच कसोटी घ्यायला वेळ असेल तर ही घ्या.

पायरी ६: तापमान, पृष्ठतेज आणि वय

पार्श्वभूमी प्रारणाचं, म्हणजे आकाशात सगळीकडून येणाऱ्या सूक्ष्मलहरींचं, आजचं तापमान २.७२५ केल्विन आहे. प्रसरण खरं असेल तर ते पूर्वी (१+झेड) पट जास्त असलं पाहिजे. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतले रघुनाथन श्रीआनंद आणि त्यांच्या युरोपीय सहकाऱ्यांनी चिलीतल्या व्हेरी लार्ज टेलिस्कोपने झेड २.४१८ च्या वायुमेघातले कार्बन मोनॉक्साइडचे रेणू तपासले. रेणूंच्या ऊर्जापातळ्यांवरून तिथलं तापमान ९.१५ ± ०.७२ केल्विन निघालं. २.७२५ ला ३.४१८ ने गुणा, ९.३१ येतं. विद्यार्थ्यांकडून हा गुणाकार फळ्यावर करून घ्यावा. दमलेल्या प्रकाशाला आणि स्थिर स्थितीला या एका आकड्याचं उत्तर देणं फार जड जातं.

स्थिर स्थितीचा विषय निघाला की जयंत नारळीकरांचं नाव येतंच. हॉइल यांच्यासोबत त्यांनी ही बाजू दीर्घकाळ लढवली आणि १९९३ मध्ये हॉइल, बर्बिज आणि नारळीकर यांनी तिचं सुधारित रूप मांडलं. निरीक्षणांचा कौल बहुसंख्यांच्या मते त्यांच्या बाजूने नाही. तरीही एक मॉडेल लोकप्रिय आहे म्हणून दुसरं न तपासता सोडू नये, हा त्यांचा आग्रह मला मोठा वाटतो. तुमच्या वहीत हरलेल्या मॉडेलांचीही पूर्ण गणितं असू द्या.

पृष्ठतेजाची कसोटी रिचर्ड टोलमनने १९३० मध्ये सुचवली. प्रसरणात दीर्घिकेच्या प्रत्येक चौरस विकलेचं तेज (१+झेड) च्या चौथ्या घाताने घटतं, दमलेल्या प्रकाशात पहिल्या घाताने. झेड १ ला एकीकडे १६ पट घट, दुसरीकडे २ पट. कागदावर हे फारच सोपं वाटतं. प्रत्यक्षात लांबच्या दीर्घिका तरुण असतात, त्यांच्यात तेजस्वी तारे जास्त असतात, त्यामुळे घट कमी भासते. ल्यूबिन आणि सँडेज यांना २००१ मध्ये घात लाल फिल्टरमध्ये २.५९ आणि अवरक्ताजवळच्या फिल्टरमध्ये ३.३७ मिळाला. उरलेला फरक दीर्घिकांच्या वाढत्या वयाने समजावता येतो. पदवीच्या प्रकल्पाला ही कसोटी घेऊ नका, हाती वादच जास्त उरतो.

वयाची कसोटी मात्र कागद-पेन्सिलीवर होते. ९७,७८० ला हबल स्थिरांकाने भागा, उत्तर कोटी वर्षांत मिळतं. ७० साठी सुमारे १४०० कोटी. आइनस्टाइन–डी सिटरमध्ये विश्वाचं वय याच्या दोन तृतीयांश, ९३० कोटी वर्षं. पण आपल्या आकाशगंगेतले सर्वांत जुने गोलाकार तारकागुच्छ १२०० कोटींच्याही पुढचे आहेत. लेक आईपेक्षा मोठी असू शकत नाही, मॉडेल गेलं. लॅम्ब्डा-सीडीएममध्ये ३० टक्के द्रव्य धरून वय १३५० कोटी येतं आणि पार्श्वभूमी प्रारण मोजणाऱ्या प्लांक उपग्रहाच्या मोजणीनुसार ते १३८० कोटी आहे. हबलचा मूळ स्थिरांक ५०० च्या घरात होता. त्यावरून विश्वाचं वय २०० कोटीच येतं, पृथ्वीच्या ४५४ कोटी वर्षांहून कमी. त्या काळी प्रसरणावर घेतला गेलेला हा आक्षेप रास्तच होता, अंतरं दुरुस्त झाल्यावर तो मिटला. वेरूळची लेणी ज्या काळ्या दगडात कोरली आहेत तो लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. कन्या राशीतल्या दीर्घिका-समूहाचा जो प्रकाश आज पोहोचतो, तो निघाला तेव्हा हा दगड थंड होऊन एक कोटीहून जास्त वर्षं झाली होती.

दीर्घिकांच्या मांडणीत साधारण १४७ मेगापार्सेकचं, म्हणजे ४८ कोटी प्रकाशवर्षांचं, एक ठरावीक अंतर उमटलेलं आहे. २००५ मध्ये ते स्लोनच्या दीर्घिकांत सापडलं. ही मोजपट्टी वापरणाऱ्या डेसी प्रकल्पाने २०२४ आणि २०२५ मध्ये कृष्ण ऊर्जा काळाबरोबर बदलत असावी असा इशारा दिला आहे. तो अजून शोध म्हणावा इतका पक्का नाही. म्हणून लॅम्ब्डा-सीडीएमसमोर ‘सिद्ध’ असा शिक्का मारू नका, ‘आतापर्यंत टिकलेलं’ लिहा.

पायरी ७: औंढ्याचा आकडा

हबल स्थिरांकाच्या उंचीचा प्रश्न आपण पायरी ४ मध्ये बाजूला ठेवला. तो जगातही सुटलेला नाही. पार्श्वभूमी प्रारणावरून प्लांकने ६७.४ ± ०.५ काढला, सेफिड आणि अतिनवताऱ्यांवरून रीस यांच्या गटाने २०२२ मध्ये ७३.०४ ± १.०४. अंतर सुमारे आठ टक्क्यांचं आहे आणि दोघांच्या त्रुटींत ते मावत नाही. एकतर कुणाच्या तरी मोजणीत काही लपलेलं आहे, नाहीतर मॉडेल अपुरं आहे.

यावर निर्णय द्यायला तिसरी, सेफिडवर न टेकलेली मोजपट्टी हवी. गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाश-काळातली कंपनं, ती देतात. दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांभोवती फिरत आदळतात तेव्हा लहरींच्या आकारावरूनच अंतर निघतं. ही कल्पना बर्नार्ड शुट्झने १९८६ मध्ये मांडली. १७ ऑगस्ट २०१७ च्या जीडब्ल्यू१७०८१७ या घटनेत ती पहिल्यांदा वापरता आली. हे गणित तुम्हीही करा. ही टक्कर जिथे झाली ती दीर्घिका, एनजीसी ४९९३, ज्या दीर्घिका-गटात आहे त्याचा वेग ३३२७ किमी/सेकंद. त्यातून गटाची स्वतःची चाल सुमारे ३१० वजा करा, उरले ३०१७. लहरींवरून अंतर ४३.८ मेगापार्सेक. भागाकार ६९ च्या जवळ येतो. पूर्ण सांख्यिकी विश्लेषणात ७० आला, वर १२ आणि खाली ८ एवढ्या अनिश्चिततेसह. पायरी ३ मधली दहा टक्क्यांची भीती इथे प्रत्यक्ष आकड्यात दिसते.

गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा, लायगो-इंडिया, हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ उभी राहते आहे. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. अमेरिकेतल्या दोन, इटलीतल्या आणि जपानमधल्या शोधकांपासून ती पृथ्वीच्या वेगळ्या भागात आहे, त्यामुळे लहर आकाशात कुठून आली ते जास्त नेमकं सांगता येईल. ते कळलं तरच दुर्बिणी यजमान दीर्घिका शोधू शकतात, आणि दीर्घिका सापडली तरच ताम्रसृती मिळते.

तयारी आजपासून करता येते. गुरुत्वीय लहरींच्या खुल्या डेटा केंद्रावरून जीडब्ल्यू१७०८१७ चा डेटा आणि पायथनचे सराव-पाठ उतरवा. मग शीटमध्ये हे एक गणित मांडा: एका घटनेची अनिश्चितता अंदाजे १५ टक्के, घटनांची संख्या वाढली की ती संख्येच्या वर्गमुळाने घटते. ५० घटनांना किती उरते? दोन टक्क्यांच्या आसपास. ६७ आणि ७३ मधला वाद आठ टक्क्यांचा आहे, म्हणजे तेवढ्या घटना दीर्घिकेसह सापडल्या तर तो मिटवायला पुरेशा आहेत.